लग्नमंडपात पेशवाई कशासाठी?



घरात लग्न ठरले की पहिला प्रश्न सभागृहाचा येतो आणि दुसरा सजावटीचा. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावरील मानपाडा असो, की डोंबिवली पूर्वेचा मानपाडा रस्ता असो, दोन्हीकडे आज हीच रीत आहे. सजावटकार आपल्यापुढे चित्रांचा अल्बम ठेवतो आणि विचारतो, "साहेब, कोणती थीम हवी? राजवाडा, मंदिर, की पेशवाई?" आपण दर विचारतो, फुले खरी की कापडाची ते विचारतो, दिवे किती ते विचारतो. जो प्रश्न सर्वांत आधी विचारावयास हवा, तो मात्र आपण विचारीत नाही. तो प्रश्न असा की, हा मंडप आमच्या वतीने लोकांशी काय बोलणार आहे?

आपण दीक्षा गेल्या अशोक विजयादशमीस घेतली असेल, किंवा आपल्या आजोबांनी ती १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला घेतली असेल. हा प्रश्न दोन्ही घरांना लागू आहे. किंबहुना नवदीक्षित घराला तो अधिकच लागू आहे. कारण दीक्षेनंतर घरात होणारे पहिले लग्न हे त्या घराचे पहिले जाहीर निवेदन असते. विहारात आपण त्रिशरण घेतो ते मूठभर माणसे ऐकतात. लग्नाचा मंडप शेकडो माणसे पाहतात, आणि त्यांत आपले जुने सोयरे असतात, शेजारी असतात, कारखान्यातील व कचेरीतील सोबती असतात. ही मंडळी आपल्या बावीस प्रतिज्ञा वाचीत नाहीत; ती आपला मंडप वाचतात.

"सजावटीला कसला आला आहे धर्म? फूल ते फूल आणि कापड ते कापड," असे काही सुशिक्षित गृहस्थ म्हणतात. फुलाला धर्म नाही हे मला मान्य आहे. परंतु पेशवाई हे फुलाचे नाव नाही. ते एका राज्याचे नाव आहे. ते राज्य १८१८ साली संपले. पण त्या राज्यात आपल्या माणसांवर जे गुदरले, त्याचा हिशेब संपला असे कोण म्हणेल?

परमपूज्य बाबासाहेबांनी १९३६ साली जातिसंस्थेच्या उच्चाटनाविषयी जे भाषण छापून प्रसिद्ध केले, त्यात या राज्यातील अस्पृश्यांची स्थिती नमूद आहे. समोरून सवर्ण येत असेल तर अस्पृश्याने सार्वजनिक रस्ता वापरावयाचा नाही, कारण त्याची सावली पडून विटाळ होईल. तो चटकन ओळखू यावा म्हणून त्याने मनगटात किंवा गळ्यात काळा दोरा बांधावयाचा. आणि राजधानी पुण्यात तर कमरेला झाडू बांधावयाचा, म्हणजे उमटलेली पावले मागच्या मागे पुसली जावीत. आणि गळ्यात मडके अडकवावयाचे, म्हणजे त्याची थुंकी जमिनीवर पडू नये.

आता अल्बममधील त्या चित्राकडे पुन्हा पाहा. लाकडी नक्षीचे खांब, महिरपी कमानी, झुंबरे, दाराशी पगडी घातलेले भालदार-चोपदार. त्या खऱ्या वाड्याच्या दाराशी आपल्या पूर्वजांचे स्थान कोठे होते? ज्या रस्त्यावर तो वाडा होता, त्या रस्त्यावरदेखील ते निर्धास्तपणे चालू शकत नव्हते. अशा वाड्याची प्रतिकृती आपणच आपल्या पैशाने उभारावयाची, आणि आपल्याच मुलीला नटवून तिच्या दारातून आत आणावयाचे, याला हौस म्हणावे की विस्मृती?

"झाले ते झाले, आता तो केवळ देखावा आहे," असेही म्हटले जाते. देखावा आहे म्हणूनच तर माझी तक्रार आहे. मनुष्य देखावा कशाचा करतो? ज्याचा त्याला अभिमान वाटतो त्याचा. ज्या सावकाराने आपल्या आजोबांची जमीन लिहून घेतली, त्याच्या पेढीचा देखावा आपण घरच्या लग्नात उभारतो काय? मग ज्या राजवटीने माणसाची सावलीसुद्धा गुन्हेगार ठरविली, तिचा देखावा का उभारावा?

याच्या शेजारी बाबासाहेबांनी सांगितलेला विवाह ठेवून पाहा. ४ डिसेंबर १९५६ रोजी, म्हणजे महापरिनिर्वाणाच्या अवघ्या दोन दिवस आधी, लिहिलेल्या एका पत्रात त्यांनी बौद्ध विवाहाचा विधी सांगितला आहे. त्यात होम नाही, सप्तपदी नाही. पाटावर एक नवे मातीचे मडके ठेवून ते पाण्याने काठोकाठ भरावे. त्याच्या दोन बाजूंस वधू आणि वर यांनी उभे राहावे. सुती धागा त्या पाण्यात सोडावा, आणि त्याचे एक टोक वधूने व दुसरे वराने हाती धरावे. कोणीतरी मंगलसुत्त म्हणावे. दोघांची वस्त्रे पांढरी असावीत. विधी एवढाच.

मडके आणि दोरा! बांधवांनो, येथे क्षणभर थांबा. पेशवाईत मडके गळ्यात होते आणि दोरा मनगटात होता. येथे तेच मडके नवे होऊन, स्वच्छ पाण्याने भरून, दोन समान माणसांच्या मध्ये मानाने ठेवले आहे. आणि दोरा कोणी कोणाला बांधलेला नाही, तो दोघांनी आपण होऊन हातात धरला आहे. बाबासाहेबांनी हा मेळ योजून घातला असा दावा मी करीत नाही. परंतु ज्यांचा इतिहास ते मडके आणि तो दोरा आहे, त्यांनी त्या मडक्याभोवती पेशव्यांचा वाडा उभा करावा, यापरती विसंगती कोणती?

राजवाडा आणि मंदिर या दोन थीमांविषयीही सांगितले पाहिजे. चार खांबांचा जो मंडप सजावटकार उभा करतो, त्याच्या मध्यभागी होमाची जागा असते. आपल्याकडे होमच नाही. ज्या शेतात पेरणीच होणार नाही त्याला कुंपण कशाला? प्रवेशद्वारावर गणपतीची मूर्ती आणि पत्रिकेच्या माथ्यावर गणपतीचे चित्र हे तर न सांगता येते. बावीस प्रतिज्ञांतील तिसरी प्रतिज्ञा गौरी-गणपतीविषयीच आहे, हे त्या सजावटकाराला ठाऊक असण्याचे कारण नाही. त्याच्या गोदामात जे आहे ते तो लावतो. त्याला सांगणे हे आपले काम आहे, आणि ते आपण भिडेपोटी करीत नाही.

याच्या उलट दुसरा प्रकार आहे, आणि तोही तितकाच आक्षेपार्ह आहे. "आम्ही बौद्ध आहोत," असे सांगताच सजावटकार फायबरचे एक बुद्धाचे मस्तक आणून पाणीपुरीच्या टेबलाशेजारी ठेवतो, आणि त्यावर रंगीत दिव्याचा झोत सोडतो. तथागत हे शोभेचे भांडे नव्हे. त्यांची प्रतिमा ठेवावयाची तर जेथे वंदन होईल तेथे ठेवा. नाही तर ठेवू नका.

आता माझ्या विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा घेतो, कारण वकिलाने दुबळ्या मुद्द्यालाच उत्तर देऊन मोकळे होणे बरे नव्हे. आपले लोक म्हणतात, "शतकानुशतके आम्हांला नटू दिले नाही. आता चार पैसे हाती आले तर तुम्ही आम्हांला साधेपणा शिकविता काय?" हा सवाल खरा आहे. इंदूर जिल्ह्यातील बलाई समाजावर १९२८ साली गावच्या सवर्णांनी जे नियम लादले, ते बाबासाहेबांनी त्याच १९३६ च्या भाषणात दिले आहेत. बलाईंनी जरीकाठी पगड्या घालू नयेत, रंगीत किंवा नक्षीदार काठांची धोतरे नेसू नयेत, त्यांच्या स्त्रियांनी सोन्याचांदीचे दागिने घालू नयेत; आणि सवर्णांच्या लग्नात मात्र त्यांनी मिरवणुकीपुढे वाद्ये वाजवावीत. दुसऱ्याच्या लग्नात वाजवावयाचे आणि आपल्या लग्नात गप्प बसावयाचे, असा तो कायदा होता.

हा रोग गेलेला नाही. उत्तर प्रदेशातील कासगंज जिल्ह्यात निजामपूर गावी एका जाटव तरुणाला आपली वरात ठाकुरांच्या वस्तीतून नेण्यासाठी २०१८ साली उच्च न्यायालयापर्यंत जावे लागले, आणि अखेर पोलिसांच्या पहाऱ्यात ती वरात निघाली. म्हणूनच अत्याचार प्रतिबंधक कायद्यात २६ जानेवारी २०१६ पासून स्पष्ट तरतूद आहे की, अनुसूचित जाती-जमातींच्या माणसाला लग्नाची मिरवणूक काढण्यास, घोड्यावर बसण्यास किंवा नवे कपडे घालण्यास अडविणे हा गुन्हा होय. १९९० च्या दुरुस्तीनंतर अनुसूचित जातींतून बौद्ध झालेल्यांनाही हे संरक्षण आहे. तेव्हा आपल्या वरातीला कोणी आडवा आला, तर मी हाच कायदा हाती घेऊन आपल्या बाजूने उभा राहीन. घोडा हवा असेल तर घोडा आणा.

परंतु हक्क म्हणजे सक्ती नव्हे. नटण्याचा हक्क मिळविणे वेगळे आणि ज्यांनी तो हिरावला त्यांच्याच पोशाखात नटणे वेगळे. बलाईंचे भांडण जरीकाठासाठी होते. गावच्या पाटलाची प्रतिमा आपल्या दारात लावण्यासाठी नव्हते. आपण रुबाबात लग्न करा, पण रुबाब आपला असू द्या. उसन्या पगडीखाली मान ताठ राहत नाही.

आता पैशाचा प्रश्न. एका संध्याकाळी उभा राहून मध्यरात्री मोडला जाणारा हा वाडा कोणाच्या खिशातून उभा राहतो? बहुधा वधूच्या बापाच्या. आणि त्याच्या खिशात नसेल तेव्हा पतपेढीच्या कर्जातून, किंवा वधूच्या आईच्या गहाण पडलेल्या पाटल्यांतून. वरपक्ष म्हणतो, "आम्हांला हुंडा नको, फक्त लग्न झोकात करून द्या." विवाहाच्या संबंधात मालमत्ता मागणे १९६१ च्या हुंडा प्रतिबंधक कायद्याने गुन्हा ठरविले आहे. 'झोकात' हा शब्द त्या व्याख्येत बसतो की नाही, हा वाद न्यायालयात नेण्याची पाळी बौद्ध घरावर का यावी? ज्याला हुंडा नको आहे, त्याने मंडपाचा निम्मा खर्च उचलावा, म्हणजे त्याचे मन स्वच्छ असल्याची खात्री पटेल.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या महिला परिषदेत बाबासाहेबांनी भगिनींना बजावले होते की, लग्नाची घाई करू नका, ती एक जबाबदारी आहे. आणि पत्नीने पतीची मैत्रीण व बरोबरीची होऊन राहावे, दासी होऊ नये. कर्जाच्या मंडपातून निघालेली मुलगी सासरी बरोबरीची कशी होणार? तिच्या संसाराचा पहिला हप्ता तिच्या बापाने भरावयाचा असतो, आणि ते टोमणे तिने ऐकावयाचे असतात.

खुद्द बाबासाहेबांचा आणि माता रमाईंचा विवाह कोठे लागला? भायखळ्याच्या बाजारात, उघड्या छपराखाली, दिवसाचा बाजार उठल्यावर. एका कोपऱ्यात वरपक्ष, दुसऱ्या कोपऱ्यात वधूपक्ष. बसावयास विक्रेत्यांचे दगडी ओटे. आणि खालून गटाराचे पाणी वाहत होते. ती गरिबी होती, तिचे कौतुक करण्याचे कारण नाही. परंतु १५ एप्रिल १९४८ रोजी देशाचे कायदेमंत्री असताना त्यांनी दुसरा विवाह केला, तोही दिल्लीच्या निवासस्थानी, नोंदणी पद्धतीने. तेव्हा त्यांना काय कमी होते? साधेपणा ही गरिबांची लाचारी नसून विचारी माणसाची निवड असू शकते, हे यावरून स्पष्ट होते.

एक गोष्ट वकील या नात्याने विशेष जोर देऊन सांगतो. १९५५ चा हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. त्याचे नाव आपल्याला खटकते, आणि बौद्धांसाठी स्वतंत्र विवाह कायद्याची मागणी जुनीच आहे. परंतु आज कायदा हाच आहे. त्याच्या कलम ७ प्रमाणे विवाह दोहोंपैकी एका पक्षाच्या रूढीतील विधींनी लागला पाहिजे. आवश्यक विधी झाल्याशिवाय विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने १९६५ साली महाराष्ट्रातूनच गेलेल्या भाऊराव लोखंडे यांच्या खटल्यात सांगितले. आणि एप्रिल २०२४ मध्ये त्याच न्यायालयाने पुन्हा बजावले की, विवाह म्हणजे नाचगाणे आणि खाणेपिणे यांचा कार्यक्रम नव्हे, आणि विधी झालाच नसेल तर नुसत्या दाखल्याने तो सिद्ध होत नाही.

याचा सजावटीशी संबंध काय? संबंध असा की, उद्या दुर्दैवाने वाद झाला आणि पोटगी टाळण्यासाठी पती म्हणाला, "आमचा विवाह विधिवत झालाच नाही," तर त्या भगिनीच्या हाती पुरावा काय राहील? सोनेरी सिंहासनावर बसलेल्या जोडप्याची दोनशे छायाचित्रे, आणि मडके व धागा यांचे एकही नाही! कारण ते मडके फुलांच्या भिंतीमागे कोठेतरी झाकले गेले, आणि धागा धरला तेव्हा छायाचित्रकार धुराचे यंत्र लावण्यात गुंतला होता. जी सजावट विधीला झाकते, ती आपल्या मुलीचा पुरावा झाकते. म्हणून मंडपाची आखणी विधी मध्यभागी ठेवून करा. मडके आणि धागा, त्रिशरण-पंचशील आणि मंगलसुत्त यांचे चित्रण करून घ्या, साक्षीदारांची नावे लिहून ठेवा, आणि १९९८ च्या राज्य कायद्याप्रमाणे नव्वद दिवसांच्या आत नोंदणी करा. ज्यांना मुळापासूनच निःशंक व्हावयाचे असेल, त्यांच्यासाठी १९५४ चा विशेष विवाह कायदा आहे. तीस दिवसांची नोटीस आणि तीन साक्षीदार एवढीच त्याची अपेक्षा आहे.

"मग आम्ही करावे तरी काय? मांडव ओकाबोका ठेवावा काय?" मुळीच नाही. आपल्याला सौंदर्याचा वारसा नाही असे कोणी सांगितले? ठाण्याच्या मानपाड्यामागे येऊरचे डोंगर दिसतात. त्याच वनाच्या पलीकडच्या अंगास, बोरिवलीच्या बाजूस, कान्हेरीची लेणी आहेत. तेथील मोठ्या चैत्यगृहाच्या दर्शनी भिंतीवर दान देणाऱ्या जोडप्यांची उंच शिल्पे आहेत. स्त्री आणि पुरुष शेजारी शेजारी, ताठ उभे. बौद्ध सजावटीचा याहून चांगला नमुना मला ठाऊक नाही. त्याच कान्हेरीत एका पाण्याच्या टाक्यावर लेख आहे. ते टाके कल्याणच्या सामिदत्त नावाच्या सोनाराने दान दिलेले आहे. ज्याचा धंदाच लोकांना नटविण्याचा, त्याने आपले नाव मागे ठेवले ते दागिन्यावर नव्हे, तर तहानलेल्यांच्या पाण्यावर. आपल्याच कल्याणचा हा माणूस शतकानुशतके आपल्याशी बोलतो आहे.

तेव्हा सजावटकाराला पुढीलप्रमाणे सांगा. मागे पांढऱ्या सुती कापडाचा पडदा असावा. त्यापुढे कार्ले-कान्हेरीच्या चैत्यगवाक्षासारखी पिंपळपानाच्या आकाराची बांबूची कमान असावी. झेंडू, शेवंती आणि मोगरा ही फुले कल्याणच्या बाजारात मिळतात. त्यांच्या माळा पुरेत. पंचशील ध्वजाचे निळा, पिवळा, लाल, पांढरा व केशरी हे पाच रंग वापरले तर मंडप कोणत्याही राजवाड्याहून उजळ दिसेल. तथागतांची आणि बाबासाहेबांची प्रतिमा एका बाजूस उंच आसनावर ठेवा. वधूवरांची पाठ तिकडे होता कामा नये. मडके इतक्या उंचीवर ठेवा की शेवटच्या रांगेतील म्हातारीलाही दिसेल. अक्षतांऐवजी फुलांच्या पाकळ्या द्या. सिंहासने परत पाठवा. दोन साध्या खुर्च्या पुरेत. थर्मोकोलची सजावट तर २०१८ पासून या राज्यात आणि जुलै २०२२ पासून देशभर बंदच आहे. कोणी स्वस्तात देऊ केली तरी घेऊ नका. आणि रात्री दहानंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवा. बाजूच्या इमारतीत कोणाच्या मुलाची परीक्षा असेल.

हे सर्व तोंडी सांगून भागणार नाही. अंदाजपत्रक लेखी घ्या, आगाऊ रकमेची पावती घ्या, आणि प्रवेशद्वारावर व व्यासपीठावर कोणती चिन्हे लावावयाची नाहीत ते त्यातच लिहवून घ्या. मग ऐनवेळी फसवणूक झाली, तर ग्राहक आयोगाचे दार उघडे आहे.

शेवटी दोन शब्द आपल्यातील कडव्या मंडळींसाठी. एखाद्या नवदीक्षित घराने अजाणता पेशवाईचा मंडप घातला, तर त्या लग्नात जाऊन नाक मुरडू नका, जेवणावर बहिष्कार घालू नका. बहिष्काराचे दुःख आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे? लग्नाच्या महिनाभर आधी त्या घरी जा. मुलीला आणि मुलाला समोर बसवा, कारण लग्न त्यांचे आहे. अल्बम त्यांच्यापुढे ठेवा, आणि त्याच्या शेजारी ते काळ्या दोऱ्याचे व गळ्यातल्या मडक्याचे वर्णन ठेवा. मग त्यांना विचारा. शिकलेली मुलगी त्यानंतर काय निवडील, याविषयी मला तिळमात्र शंका नाही.

मंडप मध्यरात्री उतरेल, खांब गोदामात जातील, फुले दुसऱ्या दिवशी सुकतील. त्या संध्याकाळी आपण कोणाच्या दारातून आत गेलो, हे मात्र आपली मुले लक्षात ठेवतील. पेशव्यांचे दार भाड्याने आणू नका. आपले दार आपण बांधा.

जय भीम! नमो बुद्धाय!